लसूण उकळून घ्यावा

मंगळवार, ४ मार्च

सुप्रसिद्ध पाककलानिपुण बाईसाहेब यांस,

खुशाली विचारत नाही. ती दिसलीच. गालावर तेज आहे, मागे फळीवर तांब्याची भांडी आहेत, खिडकीत कुंडी आहे. एकूण बरं चाललेलं दिसतंय.

आमच्या लॅबमधली कवळ्यांना पॉलिश करणारी बाई काल दुपारी डबा पुढ्यात ठेवून रडत होती. मला वाटलं, चाकात बोट गेलं. मी औषधाची पेटी काढायला उठले, तर म्हणते कशी, "नाही हो, हे बघा ना, किती मनापासून बोलते ही." आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. फोनमध्ये तू.

"कामाच्या दिवशीचा वीस मिनिटांचा पास्ता, माझ्या आईसाठी." हे त्या व्हिडिओचं नाव. आईच्या नावावर पास्ता! मी तो अख्खा पाहिला. मग घरी येऊन पुन्हा पाहिला. पत्र लिहायचं तर पुरावा पक्का हवा.

तू म्हणतेस, आईच्या शेवटच्या सात महिन्यांत, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता तू तिला पेस्टोचा पास्ता करून भरवायचीस. डोळे खाली, आवाज जरा ओला, आणि हात मात्र बेसिलची पानं खुडतायत. अभिनय चांगला जमलाय. लहानपणी आरशासमोर तासन्‌तास तोंडं वेडीवाकडी करायचीस, ते वाया गेलं नाही.

पाच वाजता! पाच वाजता मी लॅबमध्ये असायचे, बाबा आईजवळ असायचे, आणि तू ज्या कुठल्या हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होतीस तिथे असायचीस. मी साडेसहाला सुटून, सातला घरी येऊन, हात धुऊन, आठपर्यंत आईच्या पुढ्यात ताट ठेवायचे. पेस्टोचा पास्ता मी करायचे. रोज. सात महिने. या घरात तो कुणी आणला असेल तर मी आणला. आई एकदा सहज म्हणाली होती, "ते हिरवं बरं लागलं गं." बाबा खोकून म्हणाले होते, टीव्हीवर पाहिलं असेल तिनं. मग मीच दुकानात गेले, बाटलीवरचं वाचलं, पुस्तकात शोधलं आणि घरी करायला शिकले. तू कुठे होतीस?

आणि चोरायचीच होती तर कृती तरी धड चोरायचीस. लसणाच्या पाकळ्या आधी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं? लसूण उकळतं का कुणी? मग त्याच पाण्यात पानं बुडवून काढायची, म्हणे रंग टिकतो आणि उग्रपणा जातो. उग्रपणा गेला तर पेस्टोत राहिलं काय, ओलं गवत? पास्ता पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा चार मिनिटं जास्त शिजवायचा. मीठ जवळजवळ नाहीच. वर दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा! तुझे ते वीस मिनिटांचे ढोल तिथेच फुटले, बाई. वीस अधिक दहा किती होतात ते बघ.

माझ्या पेस्टोत कच्च्या लसणाच्या सहा पाकळ्या असायच्या आणि आई वाटी चाटूनपुसून रिकामी करायची. वाटी रोज मीच उचलायचे, त्यामुळे मला माहीत आहे.

तुझ्या व्हिडिओखाली हजारो बायकांनी हात जोडलेत आणि हृदयं चिकटवलीत. त्यांच्या रांगेत उभं राहून मला काही लिहायचं नाही, म्हणून हे पत्र. पत्ता बाबांच्या वहीत मिळाला. शाई ताजी दिसली. म्हाताऱ्या माणसांना जुनं गिरवत बसायची सवय असते.

तो व्हिडिओ काढून टाक. बाकी तू काय उकळतेस आणि काय थंड करतेस याच्याशी मला देणंघेणं नाही.

ताई


शुक्रवार, १४ मार्च

भिंगरी,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. तुला 'भिंगरी' म्हणायला बाबांनी सुरुवात केली ती तू एका जागी ठरत नाहीस म्हणून. आता कळतंय की भिंगरीला उत्तर द्यायलाही थांबता येत नाही.

परवा मी बाबांसमोर पुरावाच ठेवला. लॅबमधून येताना बेसिलची जुडी आणली, अक्रोड आणले, आणि दोन वर्षांनी पुन्हा माझ्या पद्धतीनं पेस्टो केला. अक्रोड भाजले. पानं धुऊन फडक्यावर कोरडी केली. सहा पाकळ्या लसूण, किसलेलं चीज, तेल, आणि मिक्सर दोनदा फिरवला, बस. शेजारी पास्ता शिजतच होता. अठरा मिनिटांत ताट. मी घड्याळ लावलं होतं.

बाबांनी चार घास खाल्ले आणि काटा ठेवला.

"काय झालं?"

"लसूण लागतो गं."

"लसूण आहे म्हणजे लागणारच. आईला असाच आवडायचा."

उरलेलं त्यांनी मला दिलं आणि फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसले. हल्ली पाच वाजले की ते फोन घेऊन बसतात, मी सुट्टीच्या दिवशी पाहिलंय. तुझा हा बाप आईच्या आजारपणात दोन दोन ताटं जेवायचा आणि आता याला लसूण लागतो. आई दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि यांचं पोट पट्ट्यावर येत होतं. मी एकदा सरळ म्हटलंही होतं त्यांना, लाज वाटू द्या थोडी. तेव्हाही ते असेच गप्प बसले होते. बंद पडलेल्या लिफ्टमधून चाळीस वर्षं माणसं बाहेर काढली त्यांनी, पण स्वतःच्या तोंडून शब्द काढायला त्यांना जमलं नाही.

आता तू म्हणशील, मीच तुला घराबाहेर काढलं होतं, मग कुठे होतीस म्हणून कसं विचारतेस. हो, काढलं. तुझी बॅग मी भरली आणि जिन्यात ठेवली. कपड्यांच्या घड्या नीट घालून ठेवली, फेकली नाही. आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

का काढलं तेही लिहून ठेवते, कारण तुझ्या त्या ओल्या आवाजात ते येणार नाही. डॉक्टरांनी केमोच्या औषधाची दुसरी फेरी सांगितली होती. मी रजेचा अर्ज दिला, तारखा ठरवल्या, रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं. आणि तू हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, नर्सच्या आणि पाणी भरणाऱ्या बाईच्या देखत मला म्हणालीस, "ताई, आईला दुसरी फेरी नकोय. तिनं मला सांगितलंय. तिला घरी राहायचंय." जशी काही आई मोठ्या मुलीला टाळून गुपितं धाकटीच्या कानात सांगत होती. मी म्हटलं, आईनं मला असं काहीही सांगितलेलं नाही. तू म्हणालीस, "तू विचारलंस का?" मी म्हटलं, आईला मारायची एवढी घाई कशाला?

हे मी बोलले. परत घेत नाही. माणूस जगावा म्हणून धडपडणाऱ्याला असं बोलायचा हक्क असतो.

दुसरी फेरी झाली. त्यानंतर आई सात महिने जगली. ते सात महिने माझ्यामुळे मिळाले. तू त्यांच्यावर पास्ता पसरू नकोस.

काढ तो व्हिडिओ. नाहीतर मी खाली लिहीन, सगळ्यांना दिसेल असं.

ताई


सोमवार, २४ मार्च

भिंगरी,

व्हिडिओ गेला. गुरुवारी दुपारी पॉलिशवालीनं सांगितलं, "अहो, तो आईचा पास्ता दिसतच नाही." मी म्हटलं, बरं झालं. मनात म्हटलं, अंगात पाणी नाही हिच्या. एक शब्द भांडली नाही, दोन ओळींचा खुलासा नाही, गुपचूप पुसून मोकळी झाली. खरं असतं तर अशी पुसली असती का?

त्या संध्याकाळी मी खुशीत होते, हे कबूल करते. रस्त्यात स्वतःसाठी संत्री घेतली.

शनिवारी दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, फोन माझ्यापुढे धरून.

"हे कुठे गेलं?"

"काय?"

"पास्ता."

तेव्हा कळलं, पाच वाजता ते काय बघत बसायचे. मी सांगितलं की मीच काढायला लावला. कशासाठी, ते विचारलं त्यांनी. खोटं होतं म्हणून, मी म्हटलं.

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी फोन ओट्यावर उलटा ठेवला आणि म्हणाले, "खोटं नव्हतं गं."

पुढचं सगळं तुला माहीत आहे. आईला माहीत होतं. बाबांना माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला माहीत होतं, कारण मी लवकर आले तर खिडकीतून हाक मारायचं काम तिच्याकडे होतं! घराची किल्ली सोमवार ते शुक्रवार तुझ्यासाठी तिच्या शिलाई यंत्राच्या खणात असायची. तीन माणसं, शिवाय एक शिंपीण, आणि सगळ्यांनी मिळून फसवायचं कुणाला, तर त्या एकटीला, जी दिवसभर लॅबमध्ये उभी राहून संध्याकाळी धावत घरी यायची. नाटक कंपनी काढायला हवी होती तुम्ही.

मी बाबांना विचारलं, "रोज यायची?"

"पावणेपाचला. सकाळची पाळी करून. सव्वासहाला जायची."

"आणि मी आठला ताट ठेवायचे, ते?"

"तुझं मी खायचो."

"वाटी रिकामी असायची."

"तू स्वयंपाकघरात वळलीस की मीच रिकामी करायचो. तुझी आई म्हणायची, पोरगी दमून आलीये, तिचं मन मोडू नका."

भिंगरी, मला त्यांचं पोट आठवलं. मी त्यांना काय म्हणाले होते तेही आठवलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "नुसतं सांगायचं ना, आवडत नाही म्हणून."

"आवडत नाही असं नव्हतं," बाबा म्हणाले. "झोंबायचं. त्या औषधांनी तोंड आलेलं होतं तिचं. गालाच्या आत, जिभेखाली, सगळीकडे फोड. तुझा लसूण कच्चा. पहिल्या दिवशी एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तू म्हणालीस, बघा, आईला किती आवडलं."

मी म्हटलं होतं हे. मला आठवतं. मी फार खूश झाले होते.

बाकी कुणाला कळलं नसतं तर समजू शकले असते. पण मी काय काम करते, भिंगरी? वीस वर्षं मी दातांच्या कवळ्या बनवते. माणसांच्या तोंडाचे साचे माझ्या टेबलावर ओळीनं मांडलेले असतात. साचा बघून मी सांगते की हा माणूस कुठल्या बाजूनं चावतो, याची हिरडी कुठे दुखते. आणि माझ्या आईच्या तोंडातले फोड मला दिसले नाहीत का? दिसले होते. तेच तुला लिहायचंय. दिसले होते. ती बारीक होत गेली तशी कवळी सैल झाली, आणि मला वाटलं, कवळी घासतेय म्हणून फोड आले. मी कवळी लॅबमध्ये नेली, आतून नवा थर दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या, पॉलिश केलं. इतकी सुरेख कवळी मी परत कुणाची केली नाही. आणि ती तिच्या तोंडात बसवून समोर सहा पाकळ्यांचा पास्ता ठेवला.

तू हॉटेलात कांदे कापणारी, तुला कळलं की लसूण उकळायला हवा.

आता यावर तू मला क्षमा वगैरे करशील तर करू नकोस. दया दाखवायची तुझी पद्धत मी पाहिली आहे, पडद्यावर. मला अजूनही राग आहे. किल्लीचा आहे, शिंपिणीचा आहे, आणि सगळ्यात जास्त आईचा आहे. तिनं सात महिने माझ्याशी रोज खोटं बोलून मला खूश ठेवलं. मी काय दूधपितं बाळ होते?

ताई


बुधवार, ९ एप्रिल

भिंगरी,

तू काही लिहिणार नाहीस असं दिसतं. मीच लिहिते, कारण एक गोष्ट घडली आणि तिचा दोष सर्वस्वी तुझ्याकडे जातो.

आमच्याकडे रुग्ण सहसा येत नाहीत, दवाखान्यातून साचे येतात. पण सोमवारी एक बाई आली. शाळेची बस चालवते. नवऱ्याची सैल झालेली कवळी रुमालात बांधून आणली होती. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लॅबमध्येच जा, लगेच करून देतील. कवळी हातात घेतल्याबरोबर मला कळलं. किती झरझर बारीक झालाय माणूस, ते कवळीवरून कळतं.

ती बाकावर बसून राहिली. पॉलिशवालीला शांत बसवत नाही, तिनं विचारलं, "जेवतात का काही?"

"एक पास्ता खायचे," बसवाली म्हणाली. "फोनवर एक व्हिडिओ होता, तसा करायचे. मध्येच तो गायबच झाला. मला वाटलं, माझ्या लक्षात आहे. पण परवा काहीतरी चुकलं आणि त्यांनी थुंकून टाकला. माझ्यावर ओरडले. मग रडले."

पॉलिशवालीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना विचारा. यांनी तो इतक्या वेळा पाहिलाय."

बघ, हे असं लॅबभर झालंय माझं.

मी म्हटलं, उद्या कवळी न्यायला या, तेव्हा लिहून देते. आणि माझ्या लक्षात आलं की मला तो पाठ आहे, पण केवळ नावं ठेवण्यापुरता. करून कधी पाहिलेला नाही. न करता लिहून दिलं आणि परत त्या माणसाला झोंबलं तर?

म्हणून सोमवारी संध्याकाळी घरी येऊन तुझा पास्ता केला. बाबा स्टुलावर बसून हुकूम सोडत होते.

"पास्ता छोट्या शंखांचाच हवा."

"माहितेय मला."

"ती आधी लसूण टाकायची, मग पानं. पानं नुसती बुडवून काढायची."

"बाबा, मी वीस वर्षं मेण वितळवतेय. पाण्यात काय किती वेळ ठेवायचं ते मला शिकवू नका."

लसूण तीन मिनिटं उकळला, फक्त दोन पाकळ्या. त्याच पाण्यात पानं, मनात दहा आकडे मोजून बाहेर, लगेच गार पाण्यात. त्याच पातेल्यात शंख. अक्रोड तू भाजत नाहीस, पाण्यात भिजवतेस आणि साल काढतेस. मूर्खपणा वाटला, पण सोललं एकेक. साल कडू असते आणि टोचते, हे सोलताना समजलं. मिक्सर मी दोनदा फिरवून थांबवला तर बाबा म्हणाले, "अजून. अगदी मऊ. ती बोटानं बघायची, कण लागतो का." मी बोट घातलं. कण लागला. पुन्हा फिरवला. मग पास्ता शिजलेलं पाणी डाव भरून त्यात घातलं, आणि पेस्टो सैलसर झाला, सायीसारखा.

बाबांनी ताट पंख्याखाली ठेवलं आणि घड्याळ बघत बसले. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या ताटाकडे बघत होतो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यांच्याकडे कोण पाहुणा येणार आहे.

चव सांगू? काही खास नाही. लसूण आहे की नाही ते कळत नाही. मीठ कमी. एखाद्या हॉटेलात असा पास्ता आला असता तर मी परत पाठवला असता. पण तोंडात घातला आणि तो कुठेच अडला नाही, कुठेच लागला नाही. मी जिभेनं गालाच्या आतून फिरवून पाहिला, हिरडीच्या कडेनं, टाळूला. माझा धंदाच तो. कुठेही टोचण्यासारखं काही नव्हतं.

बाबा म्हणाले, "हाच."

मी उठून पाणी प्यायला गेले आणि नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला.

काल बसवाली आली. मी कागद दिला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. अक्षर मोठं काढलं होतं, ओट्यावर ठेवून वाचता यावं म्हणून. चार ठिकाणी खाली रेघ मारली होती. तुझ्या व्हिडिओत दोन गोष्टी नीट सांगितलेल्या नव्हत्या, त्याही घातल्या: कवळी काढून ठेवून भरवावं, आणि चमचा धातूचा नको, लाकडी घ्यावा. हे तुला कसं सुचलं नाही? की करायचीस आणि सांगायची राहिलीस?

तिनं सगळं वाचलं आणि विचारलं, "कृती कुणाची ही?"

"माझ्या धाकट्या बहिणीची. आईला भरवायची ती."

"आणि तुम्ही?"

"मी कवळ्या बनवते," मी म्हटलं आणि तिच्या नवऱ्याची कवळी तिच्या हातात दिली.

ताई


रविवार, २० एप्रिल

भिंगरी,

काल तुझा फोन आला. बाबांनी मला बोलावलं आणि फोन माझ्या कानाला लावून स्वतः चपला घालून खाली निघून गेले. इतक्या चपळाईनं ते लिफ्टच्या कामावरही कधी गेले नसतील.

मी म्हटलं, "कोण?" जसं काही मला ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, "मी." मग तू म्हणालीस, "चमचा लाकडीच होता. सांगायचा राहिला." मी म्हटलं, अशी अर्धवट कामं तुझी. तू हसलीस. मी नाही हसले. मी म्हटलं, व्हिडिओ परत लाव, बायका शोधतायत. तू म्हणालीस, "तू येऊन त्यात बोलशील?" मी म्हटलं, तुझ्या तांब्याच्या भांड्यांसमोर उभं राहायला मला वेड लागलेलं नाही. आणि मी फोन ठेवला.

ठेवला, कारण एक वाक्य तोंडाशी आलं होतं आणि ते फोनवर बोलता येईना. ते इथे लिहिते. वाचून झालं की कागद फाडून टाक किंवा ठेव, तुझी मर्जी.

मी तुला चौदा मार्चच्या पत्रात लिहिलं की आईनं मला असं काहीही सांगितलेलं नव्हतं. कॉरिडॉरमध्येही मी तेच म्हणाले होते. ते खोटं आहे.

तिनं तुझ्याआधी मला सांगितलं होतं. तुझ्या चार दिवस आधी. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील, ती पलंगावर उशी टेकून बसली होती. मी तिची नवी कवळी करायला घेतली होती आणि माप घेत होते. वरचा जबडा खालच्यावर कसा मिटतो ते कळावं म्हणून आम्ही मऊ मेणाची पट्टी तोंडात देतो आणि चावायला सांगतो. मी पट्टी गरम पाण्यातून काढून तिच्या तोंडात ठेवली. तिनं ती बोटांनी बाहेर काढली, हातात धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दुसरी फेरी नको गं आता. पुरे झालं. मला इथेच राहू दे."

ऐकायला कमी आलं असं नाही. स्वच्छ ऐकलं. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. दूध नको, पंखा नको म्हणतो, तसं म्हणाली.

मी ते मेण तिच्या हातातून घेतलं. थंड पडलं होतं, म्हणून पुन्हा पाण्यात धरलं. मऊ झालं तसं परत तिच्या तोंडात घातलं, हनुवटी खालून धरली आणि म्हटलं, "घट्ट चाव."

आणि ती चावली.

ताई